बापड्या कोल्ह्याचं कौतुक

मुरारी येळवंडे या गृहस्थाला उभ्या जगात दोघेच पसंत होते. एक तो स्वतः आणि दुसरा टीव्हीवरचा कोल्हा. बाकी सगळा माल त्याच्या लेखी रिजेक्ट. पिंपरीतल्या ज्या कंपनीत तो होता तिथे त्याचं कामच ते होतं. तयार झालेला भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघायचा, बसला तर त्यावर आपला सत्तावीस नंबरचा शिक्का मारायचा, नाही बसला तर लाल पेटीत टाकायचा. सोळा वर्षं हेच केल्यावर माणसाला सगळ्या दुनियेला गेज लावायची खोड लागते. घरची आमटी रिजेक्ट, शेजारी रिजेक्ट, सासुरवाडी तर न बघताच रिजेक्ट.

बायकोला, म्हणजे गिरजाबाईला, त्याने लग्नाच्या वीस वर्षांत पास केलं नव्हतं आणि रिजेक्टही केलं नव्हतं. ती रिवर्कच्या पेटीत होती. रिवर्क म्हणजे दुरुस्त केला तर चालण्यासारखा माल. हे तो चारचौघांत सांगायचा आणि चारचौघं हसायचे, कारण त्यांच्याही घरी तीच पेटी होती.

गिरजाबाई हसायची नाही आणि रागवायचीही नाही. "मला बाईला काय कळतंय," एवढं म्हणून ती पोळपाट पुढे ओढायची. हे वाक्य ती दिवसातून दहा वेळा म्हणायची. आणि कळत तिला सगळं होतं. महाळुंग्याच्या शाळेतून ती सत्तावन्न साली सातवी फायनल पास झाली होती, तालुक्यात मुलींत तिसरी. त्या काळी फायनल पास झालेला गडी मास्तर व्हायचा. गिरजाबाई बाई असल्यामुळे तिचं लग्न झालं. तेही खराबवाडीच्या मुरारीशी. मुरारी चौथीत दोनदा नापास झाला होता आणि तिसऱ्यांदा नापास होण्यापूर्वी त्याने शाळेचीच परीक्षा घेऊन तिला रिजेक्ट करून टाकलं होतं.

मुरारीला आकडे यायचे. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक त्याच्या नजरेतून सुटायचा नाही, हे खोटं कशाला बोला. सहीसुद्धा तो झोकात करायचा. पण वाचायचं म्हटलं की पहिल्या जोडाक्षरालाच अडायचा. कंपनीत कुणी कागद पुढे केला की म्हणायचा, "वाचून दाखवा राव, चष्मा घरी राह्यला." घरी मुलांनी प्रगतीपुस्तक पुढे केलं की म्हणायचा, चष्मा कंपनीत राहिला. त्याचा चष्मा कंपनीत नव्हता आणि घरीही नव्हता. तो त्याने कधी विकतच घेतला नव्हता.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. चिंचवडला कामगारांच्या वसाहतीत कंपनीने एक हॉल बांधून दिला होता आणि त्यात टीव्ही ठेवला होता. टीव्हीला लाकडी पेटी, पेटीला फळ्यांचं दार, दाराला कुलूप. किल्ली आबाजी नावाच्या म्हाताऱ्याकडे असायची आणि तो किल्लीवाला असल्यामुळे वसाहतीत त्याला जनरल मॅनेजरच्या खालोखाल मान होता. दर रविवारी संध्याकाळी सहाला पंधरा मिनिटं 'बापडा कोल्हा' लागायचा. हलत्या चित्रांची मालिका होती ती. जुन्या, आयाबायांनी सांगितलेल्या गोष्टींतला कोल्हा, डोक्यावर मुंडासं, अंगात बंडी, आणि समोर एक भलाथोरला वाघ. मुंडासं लाल की हिरवं यावरून हॉलमध्ये भांडणं व्हायची, कारण टीव्ही काळा-पांढरा होता. मुरारीने ते भगवं आहे असं ठरवून टाकलं होतं आणि ज्याला पटत नव्हतं त्याच्या डोळ्यांना त्याने रिजेक्ट केलं होतं.

कोल्ह्याचं तो इतकं वेड घेऊन बसला होता की रविवारी पाच वाजल्यापासून पहिल्या रांगेतली मधली खुर्ची धरायचा. आणि गप्प बसेल तर शपथ. "आता बघा, आता हा वाघाच्या मागून जाणार," असं मोठ्याने सांगायचा. कोल्हा नेमका पुढून जायचा. "हेच म्हनत हुतो मी," मुरारी म्हणायचा. दहा वेळा सांगितलं तर नऊ वेळा चुकायचं, पण त्याची खुर्ची काही मागच्या रांगेत गेली नाही. "हा कोल्हा म्हंजे आपल्यासारका हाय," तो सांगायचा. "हुशार. कुनाच्या बापाला भीत न्हाई. समोरच्याचं माप पयल्यांदा काढतोय."

बायका मागे सतरंजीवर बसायच्या. गिरजाबाई तिथून कोल्हा बघायची आणि नवऱ्याची पाठ बघायची, आणि तिला दोघांत एका केसाचंही साम्य दिसायचं नाही. साम्य दिसायचं ते वाघाशी. हे तिने कुणाला सांगितलं नाही, पण एकदा ते डोक्यात आल्यावर दर रविवारी तिला पदर तोंडाशी धरून बसावं लागायचं.

एका रविवारची गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. वाघाने पाणवठा अडवला होता, कुणाला पाणी पिऊ देत नव्हता. कोल्हा त्याच्याकडे गेला आणि नेहमीचं वाक्य म्हणाला, "मी बापडा, मला काय कळतंय." मग म्हणाला, "महाराज, डोंगरापलीकडचे म्हणतात तुमची डरकाळी त्यांना ऐकूच येत नाही. मी सांगितलं, येईल. पण माझं कोण ऐकतं?" वाघ उठला, डोंगर चढला आणि वरून डरकाळी फोडली. तो वर असेपर्यंत खाली सगळं रान पाणी पिऊन गेलं. वाघ खुशीत परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढला. पुढे तो रोजच चढायला लागला आणि कोल्ह्याला सांगायला लागला की पाणी सगळ्यांना मोकळं करायची कल्पना आपलीच. मुरारी पहिल्या रांगेत मांडीवर थापा मारत होता. "काय येडा वाघ हाय," तो ओरडला.

गिरजाबाई त्या दिवशी हसली नाही. घरी जाताना तिच्या डोक्यात एकच होतं, की हा कोल्हा तिचंच वाक्य बोलतो.

तिलाही एक पाणवठा हवा होता. त्यांच्या शेजारी रतनबाई राहायच्या, दापोडीच्या, बौद्ध समाजाच्या. त्यांचे यजमान मुरारीच्याच कंपनीत फाउंड्रीत होते आणि रतनबाई स्वतः दोन वर्षांपासून भोसरीच्या एका लहान कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम करत होत्या. केसासारखी तांब्याची तार, तिचे मोजून वेढे द्यायचे. कारखान्याच्या मालकाला बायकाच हव्या होत्या, कारण पुरुषांच्या हातून तार तुटायची. रतनबाईंनी गिरजाबाईला एक जुनं कॉइल आणून दाखवलं होतं आणि गिरजाबाईने ते उलगडून पुन्हा जसंच्या तसं गुंडाळून दिलं होतं, एकही वेढा कमी-जास्त न करता. त्यानंतर ते काम तिच्या बोटांतून जाईना. भाजी निवडतानासुद्धा बोटं वेढे मोजायची. बावीस वर्षांपूर्वी हातची गेलेली मास्तरकी तिला परत मिळणार नव्हती, पण आपल्याला येतं ते काम करायला सकाळी घराबाहेर पडायचं, एवढं तरी आयुष्यात एकदा व्हावं असं तिला इतकं वाटायला लागलं की तिची तिलाच भीती वाटली.

"दिवाळीनंतरच्या एक तारखेला सा बाया घेनार हायेत," रतनबाई म्हणाल्या. "तुमचं नाव मी सांगितलंय. पन मालक म्हनतात, नवऱ्यांची भांडनं दारात नको. घरून कबुली असंल तरच यायचं."

गिरजाबाईने नवऱ्याला तीनदा विचारलं. पहिल्यांदा त्याने ऐकलंच नाही. दुसऱ्यांदा तो हसला. तिसऱ्यांदा त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "मुरारी येळवंड्याची बायकू दुसऱ्याच्या दारात कामाला? लोकं काय म्हनतील?"

"काय म्हनतील?"

"म्हनतील, बायकूला पोसता येईना."

"आन चांगलं म्हनले तर?"

"कोन म्हनतंय चांगलं? तुला न्हाई कळायचं."

"व्हय," गिरजाबाई म्हणाली, "मला बाईला काय कळतंय." तिने ताट उचललं आणि मोरीत नेऊन घासलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ. रागाने तिचे कान तापले होते. पण नवऱ्याच्या बोलण्यातली एक गोष्ट तिने बाजूला काढून ठेवली. त्याची हरकत कामाला नव्हती, कॉइलला नव्हती आणि तिलाही नव्हती. हरकत लोकांना होती, आणि त्या लोकांनी अजून काहीच म्हटलेलं नव्हतं.

गणपती उठल्यावर कंपनीच्या वेल्फेअरच्या साहेबांनी टूम काढली. दर तीन महिन्यांनी कंपनीची गृहपत्रिका निघायची. तिच्यात आतापर्यंत साहेबलोकांच्या निवृत्तीचे फोटो आणि साहेबांच्या बायकांच्या पाककृती यायच्या. दिवाळी अंकात कामगारांनीही लिहावं असं साहेबांच्या मनात आलं. 'माझा आवडता कार्यक्रम' हा विषय. साहेब मुरारीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "येळवंडे, तुमचा कोल्हा ऐकून आहे मी. लिहा की त्याच्यावर." आजूबाजूला दहा जण उभे होते. मुरारी म्हणाला, "त्यात काय साहेब, दोन दिवसांत देतो."

घरी आल्यावर त्याने चहा घेतला आणि फर्मान सोडलं, "कागद घे. लिही."

तीन संध्याकाळी हे चाललं. मुरारी फेऱ्या मारायचा, खोलीत मावतील तेवढ्या, म्हणजे चार पावलं जाऊन चार पावलं परत. "लिही. कोल्हा हा फार हुशार प्रानी हाय. लिहिलं? मीबी हुशार हाय. म्हनून मला तो आवडतो. लिहिलं? जगात सगळे वाघ मूर्ख हायेत. आमच्या कंपनीतबी हायेत, पन नावं नको." दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशीही तेच सांगून झाल्यावर हॉलमध्ये पत्त्यांचा डाव बसल्याची हाक आली. त्याने चपला घातल्या.

"आन शेवट?" गिरजाबाईने विचारलं.

"शेवट तूच कर. पर दनक्यात कर. लोकांच्या ध्यानात राह्यला पायजे."

"वाचून दावू का आल्यावर?"

"आमी काय सांगितलं ते आमाला ठावं न्हाई का?" तो दारातून म्हणाला. अंधारात भाग तपासत नाही म्हणून कंपनीत मिरवणारा हा माणूस स्वतःचा लेख न बघता पास करून पत्ते खेळायला गेला.

गिरजाबाईने त्याने सांगितलेल्या मजकुराचा कागद चुलीत घातला आणि कोरा पुढे घेतला. तिने लिहिलेल्यातला काही भाग असा होता:

"बापडा कोल्हा मला आवडतो, कारण तो बलवान नाही आणि फार सज्जनही नाही. वाघाला नखे आहेत, त्यामुळे त्याला विचार करावा लागत नाही. कोल्ह्याला विचारावाचून दुसरे हत्यार नाही. तो 'मला काय कळतंय' असे म्हणतो तेव्हा पुष्कळ प्रेक्षक हसतात आणि त्याला नम्र समजतात. ती नम्रता नव्हे. समोरच्याने बेसावध व्हावे म्हणून उघडलेले ते दार आहे. कोल्हा कधीही वाघाला खोटे पाडत नाही. वाघाला जे ऐकायची हौस असते तेच तो ऐकवतो, आणि वाघ आपल्या पायांनी डोंगर चढतो. काम झाल्यावर कोल्हा वाघासमोर हसत नाही. तो पाणी घेतो आणि डरकाळी वाघाला ठेवू देतो. हे सर्वांत अवघड आहे. आपण केलेले काम दुसऱ्याने आपले म्हणून सांगावे आणि आपण मान डोलवावी, याला वाघाच्या नखांपेक्षा जास्त बळ लागते."

हे लिहून झाल्यावर ती थांबली. इथवर कोल्ह्याचं कौतुक होतं आणि ते तिचं खरं होतं, त्यात लबाडी नव्हती. पुढचं लिहायला तिला धीर लागला. तिने लिहिलं:

"या मालिकेपासून मी एक गोष्ट शिकलो. रानातले पाणी एकट्याने अडवू नये. माझी पत्नी सातवी फायनल पास आहे. तिच्या हातात कसब आहे. म्हणून मी निश्चय केला आहे की, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता दिवाळीनंतरच्या एक तारखेपासून तिला भोसरी येथे कामावर पाठवावे. तिची इच्छा आहेच, पण कल्पना माझी आहे."

आणि खाली नाव लिहिलं. मुरारी धोंडीबा येळवंडे. वीस वर्षांत तिने हे नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्यांच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. रेशनच्या दुकानात दुकानदाराने विचारलं की ती शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण सांगायची. हळदीकुंकवाला नाव घ्यायची वेळ आली की उठून आत जायची. पण बंदी तोंडाला होती. हाताला कुणी बंदी केली नव्हती, कारण बाईच्या हातात टाक येईल हे बंदी करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने ते नाव सुवाच्य, ठळक लिहिलं आणि खाली सहीसाठी जागा सोडली. सकाळी शिफ्टला जाताना मुरारीने झोकात सही ठोकली.

वेल्फेअरच्या साहेबांनी लेख मुरारीसमोरच वाचला. वाचता वाचता ते खुर्चीत सरळ बसले. "येळवंडे," ते म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंत?"

"मग कोन लिहिनार साहेब?"

"नाही, म्हणजे... शेवट तर फारच धाडसी आहे."

"शेवटालाच खरी कसोटी आसते," मुरारी म्हणाला.

"नक्की ना? मी तो चौकटीत छापणार आहे. तुमच्या फोटोसकट."

"बिनधास्त छापा."

हे सगळं त्याने घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं, छाती काढून. गिरजाबाई भाकरी थापत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. साहेबाने विचारलं आणि हा 'नक्की' म्हणून आला, आता हा कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? पण त्या रात्रीपासून दिवाळीपर्यंत तिला धड जेवण गेलं नाही. मुरारीचा हात चटकन सुटायचा. तीन वर्षांपूर्वी, सासऱ्यांसमोर त्याचं एक माप चुकीचं ठरवलं म्हणून त्याने तिच्या अंगावर पितळी तांब्या फेकला होता. तो चुकून खांद्याला लागला. नेम लागला असता तर डोक्याला लागला असता. त्या खांद्याकडे तिचा हात आता पुन्हा पुन्हा जायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी अंक निघाला. त्या दिवशी नेमके जनरल मॅनेजर फराळाची पाकिटं वाटत खात्याखात्यातून फिरत होते. इन्स्पेक्शनच्या टेबलाशी ते थांबले आणि सगळ्यांसमोर मुरारीचा हात हातात घेऊन म्हणाले, "येळवंडे, आम्ही शिकलेली माणसं नुसती बोलतो, तुम्ही करून दाखवलंत. एक तारखेपासून ना?"

मुरारीला काय एक तारखेपासून ते कळलं नाही. पण जनरल मॅनेजरने हात धरलेला असताना नाही म्हणायची कंपनीत पद्धत नव्हती. "हो साहेब," तो म्हणाला. "एक तारखेपास्नं."

सगळ्या खात्याने टाळ्या वाजवल्या. त्यात मुरारीनेही वाजवल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्याने अंक शेजारच्या बेंचवरच्या किसनपुढे टाकला. "वाच रं जरा. चष्मा घरी राह्यला." किसनने कँटीनमध्ये मोठ्याने वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौकटीसकट. टेबलाभोवती पंधरा-वीस जण जमले होते. वाचून झाल्यावर किसन म्हणाला, "मानलं भावा. आमच्या घरात हे बोलायची माजी छाती न्हाई." मुरारीने भात कालवला आणि तो तसाच ठेवून उठला.

तो घरी आला तेव्हा अजून उजेड होता. मुलं बाहेर किल्ला करत होती. गिरजाबाईने त्याचा चेहरा बघितला आणि करंज्यांची परात बाजूला सरकवली. पितळी तांब्या तिने सकाळीच माळ्यावर टाकला होता.

"हे काय लिवलंस?" त्याने अंक जमिनीवर आपटला.

"तुमीच म्हनला शेवट दनक्यात कर."

"म्हनून हे?"

"मला बाईला काय कळतंय. मला वाटलं, ह्योच दनका."

मुरारीने हात उचलला. गिरजाबाई जागची हलली नाही. "माराल तर मारा," ती म्हणाली. "पर उद्या साहेबांकडं जावा आन सांगा, हे मी लिवलं न्हाई म्हनून. सांगा, मला लिवता येत न्हाई, बायकूनं लिवलं आन मी न वाचता सही केली. आन न वाचता का केली ते बी सांगा."

हात वरच राहिला. मुरारी येळवंड्याच्या डोक्यात सोळा वर्षांत जेवढं चाललं नसेल तेवढं त्या अर्ध्या मिनिटात चाललं असावं. चौकट खोटी म्हणावी तर सगळा लेख खोटा. लेख खोटा म्हणावा तर टाळ्या खोट्या, मॅनेजरने धरलेला हात खोटा, आणि चष्मा तर आधीपासूनच खोटा. कुठूनही बघितलं तरी बाहेर पडायला एकच वाट होती आणि ती भोसरीकडे जात होती. त्याने हात खाली घेतला आणि त्याच हाताने एक करंजी उचलली.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"करंजीत मीठ घालत न्हाईत," गिरजाबाई म्हणाली. ती आत गेली, भिंतीला टेकली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आनंदाने म्हणावं तर तसं नव्हतं. एवढी विद्या, एवढी अक्कल, एवढ्या दिवसांचं भय, आणि कशासाठी, तर एका बाईला सकाळी आठ वाजता कामावर जाता यावं म्हणून. तिला त्या क्षणी नवऱ्याची, साहेबांची, टाळ्या वाजवणाऱ्यांची आणि स्वतःची सुद्धा चीड आली.

एक तारखेला ती रतनबाईंबरोबर भोसरीला गेली. पहिल्या आठवड्यात तिच्या हातून एकदाही तार तुटली नाही.

आणि मुरारी डोंगर चढला. सुरुवातीला कुणी विचारलं तर नुसतं हुंकारायचा. मग मान हलवायला लागला. संक्रांतीपर्यंत तो हॉलमध्ये उभा राहून इतरांना सुनवायला लागला होता, "बायकांना घरात डांबून ठेवनारी मानसं म्हंजे निव्वळ रिजेक्ट माल. मी आमच्या घरात पयल्यांदा इच्यार मांडला, तवा ही म्हनाली, लोकं काय म्हनतील. मी म्हनलं, म्हनू देत." गिरजाबाई हे सतरंजीवर बसून ऐकायची. रतनबाई तिला कोपराने ढोसायच्या, आणि ती समोर बघत मान डोलवायची. वसाहतीतल्या आणखी चार बायका त्या भाषणांमुळे कामाला लागल्या. त्यामुळे तिने त्याला कधी अडवलं नाही.

मार्चमध्ये कंपनीच्या वर्धापनदिनाला 'प्रगतिशील कामगार' म्हणून मुरारीचा सत्कार ठरला. शाल, नारळ आणि जनरल मॅनेजरच्या हस्ते प्रशस्तिपत्रक. त्याने आभाराचं भाषण हवं म्हणून सांगितल्यावर गिरजाबाईने ते लिहून दिलं आणि आठवडाभर रोज सकाळी डबा भरता भरता त्याच्याकडून पाठ करून घेतलं. सत्कार दुपारी तीनला होता. तिने रजा मागितली नाही. त्या दिवशी मोठी ऑर्डर होती आणि खरं सांगायचं तर आपलीच वाक्यं त्या तोंडातून टाळ्यांसकट ऐकायची ताकद तिच्यात नव्हती. कोल्ह्याला असेल, तो चित्रातला होता.

तीन वाजता भोसरीच्या कारखान्याचे मालक तिच्या टेबलाशी आले. त्यांच्या हातात तो दिवाळी अंक होता. कुणाकडून तरी फिरत फिरत तो त्यांच्यापर्यंत आला होता.

"बाई, आज तुमच्या मिस्टरांचा सत्कार ना?" ते म्हणाले. "काय लेख लिहिलाय हो. मी दोनदा वाचला. इतकं चांगलं लिहितात ते, मला कल्पना नव्हती."

गिरजाबाईने वेढा पूर्ण केला, तार दाताखाली धरून तोडली आणि कॉइल तयार मालाच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"लिवतात चांगलं," ती म्हणाली. "वाचत न्हाईत, येवडंच."